आमाले काय समजते त्यातलं?

मागच्या अंकात मी आमच्या इथून एसटीनं दोन तासांवर असलेल्या एका छोट्या संग्रहालयाबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तालुक्याच्या गावातला एक जुना वाडा, त्या घरातल्या तीन पिढ्यांनी जमवलेली चित्रं, दिवे, लाकडी वस्तू, पोथ्या, आणि आता घरच्यांनी ट्रस्ट करून वाड्यातल्या चार खोल्या सगळ्यांसाठी उघड्या केल्यात, नफाबिफा काही नाही, दाराशी एक दानपेटी आणि अभिप्रायाची एक वही. मला वाटलं होतं दोनचार लोक रस्ता विचारतील, पण पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज मिळून इतकं आलंय की हा महिना सगळा त्यालाच देतेय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून सगळ्यांचा फक्त तालुका टाकलाय.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून लय जावं वाटून राह्यलं. पण आमी कास्तकार माणसं, चित्रातलं आमाले काय समजते? तिथं शिकलेले लोक येत असतीन, आपण येड्यावानी उभं राह्यलो आन् कोणी हसलं त? आन् दुसरं म्हंजे हे खासगी घरचं सामान, आपल्याले आत घेतात काय?
– एक गृहिणी, दारव्हा तालुका

काकू, आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त लोकांनी हेच वाक्य लिहिलंय, आमाले काय समजते त्यातलं. म्हणून तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलं.

आधी ते खासगीचं सांगते. वस्तू जमवल्या एका घरानं हे खरं, पण ट्रस्ट झाला, सार्वजनिक म्हणून नोंदला गेला, की गोष्ट बदलते. आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, त्याखाली नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यावे लागतात. लोकांना दाखवायचं म्हणूनच तो ट्रस्ट काढलेला असतो, त्यामुळे तुम्ही आत जाता ते कोणाच्या मेहेरबानीवर जात नाही. चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढा, वहीत नाव लिहा, बस.

आणि आपल्याकडे हे नवीन पण नाही. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय घ्या. 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे दिनकर केळकर १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला लागले, गावोगाव फिरून, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यात त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय, आणि पुढे सगळा संग्रह त्यांनी सरकारच्या हवाली केला. तिथं काय आहे तर अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाड्यांची दारं. म्हणजे तुमच्या माझ्या आज्यांच्या हाताखालचं सामान. दुसरं औंध, सातारा जिल्ह्यातलं गाव. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ते स्वतः चित्रकार, त्यांनी आपल्याजवळची चित्रं आणि शिल्पं यमाईच्या डोंगरावर इमारत बांधून १९३८ मध्ये लोकांसाठी ठेवली. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि बाळ असं शिल्प आहे, आणि यमाईच्या दर्शनाला आलेली खेड्यातली माणसं ते बघून जातात. रविवर्मा तुम्हाला अनोळखी नाही बरं का. कमळात उभी राहिलेली लक्ष्मी, मागं हत्ती, असं चित्र आपल्याकडं घरोघरी फ्रेममध्ये असतं, त्याचं मूळ रविवर्म्याकडंच जातं. १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला आणि तिथून त्याच्या देवादिकांच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघरी गेल्या.

आता समजण्याचं. गेल्या वैशाखात मी शेजारच्या आजींना सोबत नेलं होतं, वय ऐंशीच्या पुढं. त्यांना संग्रहालय बघायचं नव्हतं, त्यांच्या लेकीचं गाव त्याच रस्त्यावर आहे म्हणून त्या आल्या. दुसऱ्या खोलीत एका फळीवर सागवानाचा कोरलेला वाडगा आहे, काठाला कमळाच्या पाकळ्या, आतून हात घासून घासून काळा तुळतुळीत झालेला, आणि खाली चिठ्ठी, 'कोरीव लाकडी पात्र'. मी आपली त्या पाकळ्याच बघत होते, एक पाकळी बाकीच्यांपेक्षा थोडी बारीक कोरली गेलीय तिथं माझी नजर अडकली होती. आजी पुढं वाकल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "हे त चाडं होय वं माय. उलटं करून पाय, बुडाले तीन भोकं असतीन." देखरेख करणारे काका तिथंच होते, त्यांनी हातमोजे घालून ते उचललं. तीन भोकं. मग आजी सुरूच झाल्या, तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, चाडं कसं बसवतात, त्या तीन भोकांतून तीन नळ्या कशा निघतात, दाणे तीन तासांत, म्हणजे तीन ओळींत, कसे पडतात, मुठीतून ज्वारी सोडताना बोटं कशी हलवायची, सासऱ्यानं पहिल्यांदा चाड्यावर मूठ धरायला दिली तेव्हा हात कसे कापत होते, कारण "मूठ चुकली का वरीसभर वावरात दिसते". काकांनी वही आणली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. पुढच्या खेपेला मी गेले तर चिठ्ठी बदललेली होती, 'तिफणीचं चाडं, सागवान'. आता मला सांगा काकू, त्या खोलीत त्या दिवशी समजणारं कोण होतं?

चित्राचं म्हणाल तर मी शाळेत तीसेक वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी इंटरमिजिएटला मुलं बसवली, आणि माझीही पद्धत साधीच आहे. सगळी चित्रं बघायची नाहीत. एक धरायचं, जे डोळ्याला ओढतं ते, त्याच्यापुढं उभं राहून मनात शंभर मोजायचे. उजेड कुठून येतोय, बाई कुणाकडं बघतेय, तिच्या पायात काय आहे, मागं घर आहे की शेत, हे आपोआप दिसायला लागतं. चिठ्ठी नंतर वाचायची. आधी वाचली की डोळे बघायचं सोडून देतात. आणि हसायचं म्हणाल तर इतक्या वर्षांत मला तिथं कोणी हसलेलं दिसलं नाही, उलट एकटं उभं राहून बघणाऱ्या माणसाला ते काका स्वतः खुर्ची आणून देतात.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पाचवी ते सातवीची ४२ मुलं न्यायचा विचार आहे. काय तयारी करावी? मुलं वस्तूंना हात लावतील याची भीती वाटते.
– एक शिक्षक, चिमूर तालुका

गुरुजी, आधी फोन करा. मग परत आदल्या दिवशी फोन करा. मी एकदा, नोकरीच्या सुरुवातीला, तीसेक मुलं घेऊन अशाच एका छोट्या ठिकाणी गेले होते, रविवार आहे म्हणजे उघडं असणारच असं धरून, तर दाराला कुलूप. चावी असलेला एकच माणूस आणि तो मयतीला गेलेला. मुलांनी पायरीवर बसून डबे खाल्ले आणि आम्ही परत फिरलो. एक मुलगी फटीतून आत बघत होती, ती मला अजून आठवते, आणि तिला मी ते संग्रहालय नंतर कधी दाखवू शकले नाही कारण पुढच्या वर्षी तिची शाळाच सुटली. छोट्या संग्रहालयात माणसं दोन किंवा तीन असतात, कधी एकच. मोठ्या म्युझियमसारखं तिकीट काढलं आणि घुसलो असं तिथं चालत नाही. अहमदाबादचं कॅलिको कापड संग्रहालय तर १९४९ पासूनचं, जगभर नाव आहे, तिथंही आधी नोंदणी करून मोजक्याच माणसांना आत घेतात.

४२ मुलं एकदम आत नेऊ नका. दहा-बाराची तुकडी करा, बाकीच्यांना अंगणात बसवून वाड्याचा खांब नाहीतर दरवाजा काढायला लावा, वाडा पण बघण्यासारखाच आहे. दप्तरं बाहेर ठेवा, कारण मूल हातानं नाही तर पाठीवरच्या दप्तरानं वस्तू पाडतं, वळलं की गेलं. पाण्याच्या बाटल्या बाहेर. पेन खिशातून काढून घ्या आणि पेन्सिल द्या, शाईचा डाग पडला तर तो निघत नाही. आणि कृपा करून चिठ्ठ्या उतरवून घ्यायला लावू नका, मी बघितलंय, पोरं वहीत खाली मान घालून 'अंदाजे अठरावे शतक' लिहीत राहतात आणि समोरचा दिवा बघतच नाहीत. त्यापेक्षा एकेकाला एक गोष्ट शोधायला द्या. तू मोर शोध, तू तुटून परत जोडलेली वस्तू शोध, तू अशी वस्तू शोध जी तुझ्या घरी आहे. बाहेर आल्यावर प्रत्येकानं सांगायचं. हात लावायचा नाही हे सांगण्याऐवजी का लावायचा नाही ते सांगा, ते पुढच्या उत्तरात आहे, मुलांना पटतं.

कधी जावं? दिवाळीनंतर कापूस वेचायला अर्धी मुलं शाळेतच नसतात, तुम्हाला माहीतच आहे, आणि मार्चपासून ऊन. संक्रांतीनंतरचे पंधरा दिवस मला बरे वाटतात. जमलं तर तीच सहल वर्ध्याला न्या, सेवाग्राम आणि मगन संग्रहालय एका दिवसात होतं. मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडलं, मगनलाल गांधींच्या नावानं, चरखे, खादी आणि ग्रामोद्योग. बघा, औंध पण १९३८ आणि हे पण १९३८. एकीकडं राजानं जमवलेली चित्रं, एकीकडं खेड्यातल्या कारागिराची अवजारं, एकाच वर्षी दोन्ही लोकांपुढं आली. सातवीच्या मुलांना हे सांगितलं तर ती नीट ऐकतात, मी सांगून बघितलंय. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, तर १८६३ पासून आहे, पण त्याला वेगळा दिवस ठेवा, एका दिवसात दोन केले की मुलांच्या डोक्यात खिचडी होते.

प्रश्न : मॅम, मी जाऊन आलो आणि खरं सांगू का, मूड ऑफ झाला. फोटो काढू देत नाहीत, एका खोलीत इतका अंधार की चित्र धड दिसत नाही, हात तर सोडाच जवळ पण जाऊ देत नाहीत, आणि वर म्हणतात अजून बरंच कपाटात आहे. मग लोकांसाठी उघडलं कशाला?
– बी.ए. दुसरं वर्ष, पुसद तालुका

तुझा राग मला समजतो आणि तू जाऊन आलास याचा जास्त आनंद झाला.

अंधाराचं आधी. त्या खोलीत कागदावरची चित्रं आहेत, जलरंग आणि पोथीची पानं. उजेडानं रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही, आराम दिला म्हणून भरून निघत नाही, दिवसा दिवसाची बेरीज होत जाते. म्हणून जगभर संग्रहालयवाले कागद, कापड, जलरंग यांच्यासाठी साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात आणि तैलचित्रांना २०० च्या आसपास. भर उन्हात बाहेर हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप मिळतं, अगदी बिनचूक नसतं पण अंदाज येतो, एकदा घरी देव्हाऱ्यात आणि अंगणात मोजून बघ. आता तू उन्हातून चालत येऊन थेट त्या खोलीत शिरलास तर अंधारच दिसणार. ओसरीवर पाच-सात मिनिटं बस, पाणी पी, मग जा, तेच चित्र उघडून येतं. (ट्रस्टच्या लोकांनाही मी सांगितलंय की दाराशी एक बाक ठेवा आणि 'थोडं बसून आत जा' अशी पाटी लावा. इतकं तर करायलाच पाहिजे त्यांनी, तुझी तक्रार त्या अर्थानं बरोबर आहे.)

हाताचं म्हणशील तर त्याच घरात एक पितळी समई आहे, तिच्या दांड्यावर अंगठ्याचा ठसा आहे, काळा, रेषान् रेषा दिसते. कोणी रंगवला नाही तो. कोणीतरी उन्हाळ्यात घामेजल्या हातानं धरली, घामातलं मीठ धातूला लागलं, आणि ते तिथं खात बसलं. तो माणूस पाच सेकंद उभा राहिला असेल, ठसा कायमचा राहिला. त्यात आपल्याकडची हवा, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठाक, जुलैत सगळं ओलं, लाकूड आकसतं मग फुगतं, कॅनव्हास ताणतो मग ढिला पडतो, कागदाला बुरशी धरते, कसर लागते, उधई तर आहेच. चार खोल्यांच्या ट्रस्टकडं एसी चालवायला पैसे नसतात. म्हणून ते जवळ येऊ देत नाहीत.

फोटोचं माझं मत थोडं वेगळं आहे. एका फ्लॅशनं चित्र मरत नाही. पण खोलीत सगळे फ्लॅश मारायला लागले की बघणाऱ्याला बघताच येत नाही, आणि दुसरं असं की चित्र विकत घेतलं म्हणजे त्याच्या फोटोचा हक्क आपोआप मिळत नाही, तो सहसा चित्रकाराकडे राहतो, आपल्या कायद्यानं चित्रकार गेल्यावर ६० वर्षांपर्यंत त्याच्या वारसांकडे. ट्रस्टला भीती असते. तरीपण जुन्या भांड्यांचे, वाड्याचे फोटो बिनफ्लॅश काढू द्यावेत असं मला वाटतं आणि मी तसं वहीत लिहून आलेय, तू पण लिही.

कपाटातलं राहिलं. केळकर संग्रहालयात वीस हजाराच्या वर वस्तू आहेत असं सांगतात आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. सगळीकडं असंच आहे. जागा नसते आणि कागदाला, कापडाला मधून मधून अंधारात ठेवावंच लागतं. छोट्या ठिकाणी दर काही महिन्यांनी मांडणी बदलतात का ते विचार, बदलत असतील तर परत जा.

प्रश्न : ताई, भाचीच्या लग्नाले हैदराबादले जाऊन राह्यलो, एक दिवस मोकळा हाय. सालारजंग पाहाव काय? तो पण एकाच माणसाचा संग्रह होय म्हणतात.
– वणी तालुका

जरूर पाहा, शुक्रवार सोडून, शुक्रवारी बंद असतं. मुख्यतः एकाच घराण्याचा, निजामाच्या दिवाणांच्या घराण्याचा, संग्रह आहे. तिसरे सालारजंग १९४९ मध्ये वारले, लग्न केलेलं नव्हतं, मागं वारस नाही, आणि १९५१ मध्ये त्यांचा संग्रह लोकांसाठी उघडला. छोटं मात्र अजिबात नाही, एका दिवसात सगळं बघायला जाऊ नका, पाय दुखून येतील. घड्याळाभोवती दर तासाला गर्दी होते, पोरांना ते दाखवा. तुम्ही मात्र पदर घेतलेल्या रिबेकाच्या संगमरवरी पुतळ्यापाशी थांबा, इटलीच्या बेन्झोनी या शिल्पकाराचा, दगडातून कोरलेला पदर आणि त्यातून दिसणारा चेहरा. तो पुतळा पहिल्या सालारजंगांनी १८७६ च्या युरोपच्या वारीत घेतला. आणि हेच ते सालारजंग ज्यांनी इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून घेतलेलं आपलं वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. वऱ्हाड काही मिळालं नाही. वणीच्या माणसानं त्या पुतळ्यापुढं उभं राहताना हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. हे सगळे मोठ्या लोकांचे शौक. आमच्या खेड्यातून किलोच्या भावानं भांडीकुंडी उचलली, आता त्यांच्याच नावाची पाटी लावून आम्हालाच दाखवतात. आम्ही टाळ्या काहून वाजवायच्या?
– मेहकर तालुका

दादा, टाळ्या वाजवू नका. पण जा, आणि तुमचा हा प्रश्न तिथंच विचारा.

आमच्या घरी भंडाऱ्याचा पितळी गुंड होता, आजी त्यात विहिरीचं पाणी भरायची, गळ्यापाशी एक पोचा होता तो मी लहानपणी बोटानं चाचपायची. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे नव्हते तेव्हा आईनं तो वजनावर विकला, आणि उरलेली दोन पितळी भांडी पुढं स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात गेली. कोणी लुटलं नाही, भाव मात्र पितळाचाच मिळाला, आजीच्या गुंडाचा नाही. तो गुंड बहुतेक वितळला असणार. एखाद्या शौकिनानं घेतला असता तर आज कुठंतरी फळीवर असता आणि मी जाऊन तो पोचा बघितला असता. म्हणून जमवणाऱ्यांवर मला सरसकट राग धरता येत नाही.

पण तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला टोचते आणि ती मी त्या ट्रस्टच्या मंडळींना तोंडावर बोलले. दुसऱ्या खोलीत बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त 'विदर्भ' लिहिलंय. विदर्भ म्हणजे कुठं? अकरा जिल्हे आहेत. घेताना गावाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, कोणाच्या घरातून आलं ते नाही, कोणी घडवलं ते तर नाहीच. चित्राखाली चित्रकाराचं नाव येतं आणि चाड्याखाली सुताराचं येत नाही. आता त्या घरातले जे काका आहेत ते वडिलांच्या जुन्या डायऱ्या काढून गावं शोधतायत, काही सापडलीत, आणि येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेतात. म्हणून म्हणते जा, मेहकरकडची एखादी वस्तू तुम्ही ओळखली तर वहीत गावासकट लिहा. आणि एक विचारा, संग्रह ट्रस्टला कायमचा दिलाय की घरच्यांच्याच मालकीचा राहून फक्त दाखवायला ठेवलाय? दोन्ही चालतं कायद्यानं, पण दुसऱ्या प्रकारात उद्या पुढच्या पिढीनं सगळं परत नेलं तर दार बंद. विचारण्यात काही वावगं नाही.

मोठ्या लोकांचं म्हणाल तर मुंबईत जहांगीर निकल्सन म्हणून कापसाचे व्यापारी होते, त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या देशातल्या चित्रकारांची चित्रं घेतली, ते २००१ मध्ये गेले आणि २०११ पासून त्यांच्या संग्रहातली चित्रं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांच्या नावाच्या दालनात लोकांना बघायला मिळतात. त्यात वासुदेव गायतोंडे आहेत, जन्म नागपूरचा, १९२४. रझा आहेत, जे नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. आपल्या मातीतली माणसं आपल्याला बघायला मुंबईला जावं लागतं याचं वाईट वाटतंच, पण एखाद्याच्या बेडरूमच्या भिंतीवर असती तर मुंबईला जाऊनही दिसली नसती.

प्रश्न : प्रवेश फुकट आहे तर पेटीत किती टाकावे?
– काटोल तालुका

चहाला लागतात तेवढे टाका, जास्त असतील तर जास्त. लाईटचं बिल, छताची कौलं, उधईचं औषध, राखण करणाऱ्याचा पगार सगळं त्यातूनच आणि घरच्यांच्या खिशातून. पैसे नसतील तर नका टाकू, वहीत दोन ओळी लिहा. अनुदान मागायला गेलं की किती लोक येतात ते विचारतात, त्यामुळे तुमची सही पण कामाची आहे.

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या नाटक मंडळाचे जुने रंगवलेले तीन पडदे हायेत, राजवाडा, जंगल आन् रस्ता. माझ्या आजानं ते सांभाळले. आता नाटकं कंपनीवालेच करतात, त्याईचे पडदे त्याईचेच असतात. हे पडदे घडी करून माळ्यावर पडले, उंदरं लागतीन म्हणून भेव वाटते. त्या संग्रहालयाले देता येतीन काय? आन् घरी एक जुनी मूर्ती पण हाय, तिचं काय?
– आरमोरी तालुका

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाबद्दल लोक बोलतात ते नट, गाणी, वडशाच्या कंपन्या, रात्रभराची गर्दी, पण पडदे रंगवणाऱ्यांची आठवण कोणी काढत नाही. राजवाड्याचा पडदा ज्यानं रंगवला त्यानं राजवाडा बघितला होता का कोणास ठाऊक, पण खांबामागं खांब लहान लहान होत नेले की खोली दिसते हे त्याला कळत होतं, ते शाळेत मुलांना शिकवायला मला महिने लागायचे.

आज रात्री नाही पण या आठवड्यात एवढं करा. पडदे माळ्यावरून काढा, दोन-तीन माणसं लागतील, ओढू नका. असे पडदे बहुतेक सरस कालवलेल्या रंगात रंगवलेले असतात, तो रंग घडीवर तडकतो आणि पाण्याचा थेंब लागला तरी सुटतो. म्हणून ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, मंडप टाकून सावलीत स्वच्छ चादरीवर पसरायचे, उन्हात नाही. रंग कुठं उखडलाय ते बघा, मऊ कोरड्या ब्रशनं फक्त मागच्या बाजूची धूळ काढा. तिन्हींचे उजेडात फोटो काढा, पूर्ण पडद्याचा एक, मग कोपऱ्यांचे, आणि कुठं सही, तारीख, मंडळाचं नाव असेल तर त्याचे. मग घडी करायची नाही, गुंडाळायचे. आठ-दहा इंच व्यासाचा पाईप घ्या, जितका जाड तितका बरा, त्यावर पांढरं स्वच्छ कापड गुंडाळा आणि त्यावर पडदा, वरून पुन्हा सुती कापड. प्लास्टिक नको, आपल्या पावसाळ्यात आत घाम धरतो आणि बुरशी येते. पाईप जमिनीवर ठेवू नका, दोन टोकांना आधार देऊन उचलून ठेवा.

देण्याचं म्हणाल तर घाई करू नका. आधी गावात बैठक घ्या, पडदे मंडळाचे आहेत की तुमच्या आजोबांचे हे ठरवा, नाहीतर नंतर भांडणं होतात. मग संग्रहालयाशी बोला, कायमचं द्यायचं की काही वर्षांसाठी उसनं. काहीही असलं तरी कागद करा, त्यात तीन पडद्यांचं वर्णन, फोटो, मापं, गावाचं नाव, आणि मांडताना गावाचं आणि रंगवणाऱ्याचं नाव लिहायचं ही अट. उसनं असेल तर मुदत आणि गावात उत्सव असला की एक पडदा लावायला परत मिळेल का ते पण लिहून घ्या. ज्यांना हे आठवतं असे गावात कोणी म्हातारे असतील तर त्यांना समोर बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करा, कोणतं नाटक, कोणत्या प्रवेशाला कोणता पडदा, वर ओढायचा की बाजूला सरकवायचा. पडदा टिकेल, पण हे सांगणारं माणूस राहील का ते आपल्या हातात नाही, म्हणून हे काम गुंडाळण्याच्या आधी करा.

मूर्तीचं वेगळं आहे. शंभर वर्षांहून जुनी दगडाची किंवा धातूची मूर्ती असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तिची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, जुनी चित्रं आणि सचित्र पोथ्या यांनाही ते लागू आहे, आणि देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवायला बंदी नाही, नोंदणी केली म्हणून कोणी उचलून नेत नाही. वावरात नांगरताना सापडली असेल तर मात्र १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. चिंच किंवा पावडर लावून चकचकीत करू नका, वरचा जुना थर गेला की तिचं वय सांगणारी खूण जाते.

आणि गुंडाळताना एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळे उलट करतात. रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडतात, एकमेकांवर दाबून पापुद्रे सुटतात. बाहेर ठेवली तर तो थोडा ताणतो आणि पुन्हा उलगडला की जागेवर बसतो. झालं की मला मेसेज करा, राजवाड्याचा फोटो आधी पाठवा.